समुद्र बघणे (बाकावरून)

माझ्याकडे प्रत्येक सहलीची एक एक्सेल शीट असते. माझा नवरा मंदार तिला कुंडली म्हणतो. कुठल्या वाराला कुठे, किती वाजता, कोण काय खाणार, कुणाच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात, पाऊस आला तर काय, ऊन पडलं तर काय (आयर्लंडमध्ये हा रकाना भरायचा म्हणजे निव्वळ हौस), आणि सगळ्यात शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे त्याने तिथे काय करायचं ते. ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही किल्कीला जाऊन आलो. त्या शीटमध्ये माझ्या मुलीच्या, ईराच्या नावापुढे 'वाळू, खडक, शिंपले' आहे. आईपुढे 'फिरणे, फोटो, मैत्रिणींना पाठवणे' आहे. आणि माझ्या वडिलांपुढे, अण्णांपुढे, 'समुद्र बघणे (बाकावरून)' असं आहे.

कंसासकट ते मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण किती काळजी घेतो असंच वाटलं.

आधी वेल्स, मग क्लेअर

आम्ही राहतो डब्लिनच्या कडेला, ब्लँचर्डस्टाउनला. मंदार आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. ईरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत, आणि तेही इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत. आई-अण्णा सांगलीला असतात. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वी त्यांच्या हृदयात एक स्टेंट बसला आणि तेव्हापासून घरात त्यांचं राज्य खालसा झालं. मीठ किती, जिने किती, झोप किती, हे सगळं आई जागेवर आणि मी फोनवरून ठरवू लागलो. पूर्वी ते 'मी येतो जाऊन' म्हणायचे. आता 'गेलो तर चालेल का?' म्हणतात. हा फरक माझ्या लक्षात आला होता, पण शहाणपणा आला असेल असं समजून मी खूश होते.

सप्टेंबरात दोघं तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तिला मिडटर्म म्हणतात, आणि यंदा नेमकी तिच्यातच दिवाळी आली. मी अण्णांना विचारलं, "कुठे जायचं? तुम्ही सांगाल तिथे." ते लगेच म्हणाले, "इंग्रजांचा समुद्रकिनारा."

त्याचं असं झालं होतं की अण्णांच्या शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकात एक धडा होता. एक इंग्रज कुटुंब सुट्टीत समुद्रावर जातं, सोबत बादली आणि फावडं घेऊन. सांगलीच्या शाळेत तो धडा वाचताना अण्णांना प्रश्न पडला होता की ही माणसं समुद्रावर निघालीत, पाणी तिथे भरपूर, मग बादली कशाला नेतात? मास्तरांना विचारलं तर मास्तरांनी छडी दाखवली. साठ वर्षं तो प्रश्न तसाच पडून होता.

मग काय, मी वेल्समधलं एक जुनं, नावाजलेलं किनाऱ्याचं गाव शोधलं. लांबलचक लाकडी धक्का, चहाची दुकानं, पायघोळ पडद्यांची हॉटेलं, सगळं धड्यातल्यासारखं. बोटीची तिकिटं काढली, खोल्या बुक केल्या, शीट सजली. जेवताना मी ती सगळ्यांना वाचून दाखवत होते, तर मंदार वरण ओतता ओतता म्हणाला, "आई-अण्णांचा यूकेचा व्हिसा कधी काढलास?"

माझा घास हातातच राहिला. दोन वर्षांपूर्वी आम्हाला आयरिश पासपोर्ट मिळाले. त्याआधी दहा वर्षं मी व्हिसा या शब्दाने झोपेतून दचकून उठायची. पण सुखाची सवय किती पटकन लागते बघा. दोन वर्षांत मी आपले आईवडील निळ्या पासपोर्टवाले आहेत हेच विसरले. त्यांच्या व्हिसावर फक्त आयर्लंड होतं. आणि वेल्स म्हणजे दुसरा देश.

"तुम्ही जाऊन या की," आई म्हणाली. "आम्ही राहतोय घरी. मला काय, दिवाळीचं करायचंच आहे."

"ईराला बादली तेवढी दाखवा," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मला इतकं अपराधी वाटलं की मी रात्रीतच सगळं रद्द केलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या, पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यातल्या माणसापाशी रडगाणं गायले, तर तो म्हणाला, एवढं काय, किल्कीला जा. इंग्रजांनी त्यांच्याकडे किनाऱ्यावरची गावं सजवली तेव्हा इथेही तेच राज्य करत होते, त्यामुळे माल एकच. पावसात भिजायचं तर आमच्याच पावसात भिज. आणि त्याने त्याच्या ओळखीच्या एका बाईंचा नंबर दिला.

मंगळवार, नोराबाईंचं घर

वाटेत पोर्टलीशला चहा झाला, पुढे लिमरिक, एनिस, आणि मग रस्ता अरुंद होत होत एकदम समुद्रापाशी संपला. किल्की म्हणजे घोड्याच्या नालेसारखी खाडी, तिच्याभोवती रंगीत घरांची एक रांग, वाळूच्या वर दगडी कठडा आणि कठड्याला लागून बाक. उन्हाळ्यात म्हणे इथे पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरात आम्ही, सात-आठ कुत्री आणि त्यांचे मालक. आइसक्रीमच्या टपरीला कुलूप होतं. अलिबाग, गणपतीपुळ्याला सुट्टी म्हणजे गर्दी, घोडागाडी, भेळ, कुणीतरी हरवलेलं पोर. इथे समुद्र आपलं काम करत होता आणि माणसं नुसती उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मला ते फार आवडलं. आईला नाही. "सगळं बंदच आहे गं," ती दोनदा म्हणाली.

आम्ही उतरलो त्या खोल्या भाड्याने देणारी बाई म्हणजे नोरा. सत्तरीची, आखूड पांढरे केस, गालांवर लाली. पोर्टलीशच्या हॉस्पिटलात नर्स होती, निवृत्त होऊन माहेरच्या गावी आली. आम्ही दारात सामान उतरवत होतो आणि ती समोरून, समुद्राकडून, टॉवेलचा झगा घालून, केसांतून पाणी गाळत चालत आली. ऑक्टोबरात! आईने पदर तोंडाला लावला.

अण्णांचे मात्र डोळे चमकले. त्यांनी स्वतःच्या पुस्तकी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, हाऊ इज द वॉटर?"

"अह्, इट्स ग्रँड," नोरा म्हणाली.

अण्णा आमच्याकडे वळले. "ग्रँड म्हणाली! ऐकलंत? म्हणजे भव्य! दिव्य!"

ईरा हसून लोटपोट. "आजोबा, नो! ग्रँड इज जस्ट... ओके!"

मग मी समजावलं. इथे ग्रँड म्हणजे 'ठीक, चालतंय.' कप फुटला तरी ग्रँड, दाढ काढून आले तरी ग्रँड. नोराने समुद्राचं कौतुक केलेलं नव्हतं, फक्त आपण जिवंत आहोत एवढंच कळवलं होतं. अण्णांनी मान डोलावली, पण पटलं नाही. संध्याकाळी ते बाकावर बसले, आईने घातलेली माकडटोपी, मफलर आणि मंदारचं जाड जॅकेट घालून, आणि शीटप्रमाणे समुद्र बघत राहिले. पाऊण तास झाला तरी उठेनात. मी जवळ गेले तर म्हणाले, "ओहोटी कधी लागते इथे?" मी म्हटलं, शीटमध्ये नाही. तेव्हा नोराकडे गेले. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक लावलेलं होतं. खात्यातला माणूस, कोष्टक दिसलं की वाचायला लागतो, असं मला वाटलं.

जाता जाता नोराने सांगितलं की जास्तीचे टॉवेल 'हॉट प्रेस'मध्ये आहेत. आई मला हळूच म्हणाली, "टॉवेलला कशाला इस्त्री? बाई चांगली आहे, पण काम वाढवून घेते." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेल्या कपाटाला हॉट प्रेस. कपडे त्यात ऊबदार राहतात. मी आईला ते कपाट दाखवलं. तिने आत हात घालून पाहिला आणि तिथेच दोन मिनिटं उभी राहिली. किल्कीत तिला पहिल्यांदा काही आवडलं ते हे.

बुधवार, बादलीचं उत्तर

सकाळी अण्णा म्हणाले, "नोराबाई खडकांकडे फिरायला चालल्यात. मी गेलो तर चालेल का?" एक नर्स सोबत, सपाट रस्ता. मी उदार मनाने परवानगी दिली. आम्ही बाकीचे कड्यावरच्या वाटेने गेलो. एका बाजूला हिरवं गवत, दुसऱ्या बाजूला एकदम खाली काळेभोर खडक आणि त्यांवर फुटणारं पाणी. वारा असा की आईची साडी सांभाळायला मी आणि मंदार दोघं लागलो. वाटेत एका दुकानात डिलिस्क मिळालं. समुद्रातलं शेवाळ, वाळवून पिशवीत भरलेलं, आणि इथली म्हातारी माणसं ते सुपारीसारखं चघळतात. ईराने थुंकलं. आईने मात्र शांतपणे चघळलं आणि म्हणाली, "वाळवलेल्या खाऱ्या कैरीसारखं लागतंय. भातावर चुरून बरं लागेल." आणि दोन पिशव्या घेतल्या.

परतलो तेव्हा अण्णा गालांवर लाली आणून बाकावर बसले होते. "कसं झालं फिरणं?" मी विचारलं. "ग्रँड," ते म्हणाले.

दुपारी ऊन पडलं, तो हौसेचा रकाना एकदाचा कामी आला. ईराने बादली काढली, ओल्या वाळूने गच्च भरली, उलटी केली, वर दोन थापा मारल्या आणि उचलली. वाळूचा बुरूज उभा राहिला. अण्णा वाकून बघत होते.

"अच्छा!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की एक कुत्रं थांबलं. "किल्ला! अरे, हे किल्ला करतात! मास्तरांना माहीत नव्हतं, म्हणून छडी!"

मग त्यांनी ईराला सांगितलं की आपल्याकडे दिवाळीत असाच मातीचा किल्ला करतात, वर शिवाजी महाराज बसवतात, पायथ्याशी अळीव पेरतात. तासाभरात किल्कीच्या वाळूवर चार बुरुज, एक दरवाजा आणि खंदक तयार झाला. महाराज नव्हते, म्हणून ईराने एक शंख बसवला. मी कठड्यावर बसून चहा पीत होते आणि मनात म्हणत होते, आपली शीट कशी तंतोतंत उतरली.

गुरुवार, पहिली आंघोळ

नरक चतुर्दशी. आई पहाटेच उठली. तेल, उटणं, सगळं ब्लँचर्डस्टाउनहून आणलं होतं. नोराच्या पांढऱ्याशुभ्र न्हाणीघरात तेलकट काही सांडू नये म्हणून मी खाली वर्तमानपत्रं अंथरली. पायाखाली चिरडायला कारीट कुठून आणणार? ईराने फ्रीजमधून नोराचा एक चिमुकला कोबी, ब्रसेल्स स्प्राउट, आणला. "आय हेट दीज एनीवे," म्हणत तिने नरकासुराचा वध केला.

आई टॉवेल आणायला हॉट प्रेसकडे गेली आणि परत आली ती हातात टॉवेल नाही, अण्णांची जुनी निळी पोहायची चड्डी घेऊन. अजून दमट होती. नोराने भल्या मनाने वाळत घातली असणार.

"हे काय आहे?" आई म्हणाली.

अण्णा पाटावर, म्हणजे वर्तमानपत्रावर, तेल लावून बसले होते. ते हाताला तेल चोळत राहिले.

"सामान मी भरलंय सांगलीत. ही कुठून आली?"

"माकडटोपीत घडी करून ठेवली होती," अण्णा म्हणाले.

मी मध्ये पडले. गार पाणी, हृदय, स्टेंट, तुम्हाला काही झालं असतं तर, असं सगळं एका दमात बोलले. अण्णांनी तेलकट हाताने पाकीट मागितलं आणि त्यातून चौकोनी घडी घातलेला एक कागद काढला. सांगलीच्या त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र होतं, निघायच्या आठवडाभर आधीचं. पोहण्यास हरकत नाही, गार पाण्यात थोडाच वेळ राहावे, एकट्याने उतरू नये. खाली सही, शिक्का. हा माणूस दीड महिना तो कागद पाकिटात घेऊन माझ्या घरात वावरत होता आणि मला जिना चढू का म्हणून विचारत होता.

"डॉक्टरांनी परवानगी दिली," आई म्हणाली. "मी दिली का?"

"पोहलो नाही मी," अण्णा म्हणाले. "कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. पाय जमिनीला होते. शपथ पोहण्याची होती, उभं राहण्याची नव्हती."

आईने चड्डी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि खोलीबाहेर गेली. त्या दिवशी अण्णांना पाठीला उटणं मंदारने लावलं.

शपथ कसली, ते मला तेव्हा समजलं. आई बाहेर जिन्यावर बसली होती, मी तिच्याशेजारी बसले. मी दहा वर्षांची असताना आमच्या गल्लीत कृष्णेचं पाणी शिरलं होतं, ते मला आठवतं. आठवतं ते असं की आम्ही गच्चीवर होतो आणि मला भूक लागली होती. आईला आठवतं ते वेगळं. अण्णा तरुणपणी भर पावसाळ्यात कृष्णा पार करणारे. त्या दिवशी त्यांनी ट्यूब बांधून मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीला आणलं. मग दुसऱ्या घरातल्या माणसांसाठी पुन्हा गेले, आणि दिवसभर आलेच नाहीत. ओढ्याच्या बाजूला वाहत गेले होते, एका झाडाला धरून बसले होते. संध्याकाळी नावेतून आले. आईने तेव्हाच, सगळ्या गल्लीसमोर, सांगितलं: माझ्या गळ्याची शपथ आहे, पुन्हा पोहायचं नाही.

"आणि पोहले नाहीत," आई म्हणाली. "सव्वीस वर्षं. तुला घेऊन गोव्याला गेलो होतो तेव्हाही नाही. तू म्हणायचीस, अण्णांना समुद्राची भीती वाटते."

हो, मी म्हणायचे. मला फार वाईट वाटलं. मला वाटत होतं त्यांच्यावरचा पहारा दीड वर्षापासूनचा आहे.

नाश्त्याला दोघांमध्ये ईरा दुभाषी. "आजोबांना विचार साखर हवी का." "आजीला सांग, नको." ईराने नोराला तिच्या परीने सगळा उलगडा केला: आजीने आजोबांना शाप दिलाय, त्यामुळे ते पोहू शकत नाहीत. हॅलोविनचा, म्हणजे भुताखेतांचाच दिवस, नोराचे डोळे विस्फारले. मी घाईने सांगितलं, शाप नव्हे, शपथ.

"अह्, द प्लेज!" नोरा म्हणाली. तिला लगेच समजलं. इथे पूर्वी मुलं चर्चमध्ये दारूला न शिवण्याची शपथ घ्यायची, तिच्या भावाने घेतली आणि मरेपर्यंत पाळली, लग्नात सगळ्यांनी शुभेच्छांचे प्याले उचलले तेव्हा त्याने दुधाचा पेला उचलला. मग ती गंभीर होऊन मला म्हणाली, मला हे माहीत नव्हतं. मी त्याला गोळ्यांचं विचारलं, डॉक्टरांचं पत्र वाचलं, हात धरून तीन मिनिटं उभं केलं. दोन हात मार म्हटलं तर म्हणाला, नाही, पाय जमिनीवरच हवेत, बायकोला शब्द दिलाय. मला वाटलं थट्टा करतोय.

ईराने मला विचारलं की अशी शपथ कायमचीच असते का. मी म्हटलं, नाही, ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हटलं की सुटते. आम्ही शाळेत दिवसातून दहा वेळा घालायचो आणि दहा वेळा सोडायचो.

"वन वर्ड?" ईरा म्हणाली. "दॅट्स इट?"

आई डिलिस्क चघळत खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी गावातली पोरं भुतं होऊन दारोदार फिरली. आईने प्रत्येक भुताच्या पिशवीत एक चकली घातली. मग नोराने तिचा पाव कापला, मनुका घातलेला, हॅलोविनला करतात तो बार्मब्रॅक. तिने आमची शंकरपाळी खाल्ली, आम्ही तिचा पाव. आईच्या दाताखाली कट्‌कन काही आलं. एक अंगठी. नोरा टाळ्या वाजवायला लागली, ज्याच्या तुकड्यात अंगठी त्याचं वर्षाच्या आत लग्न!

"कुणाशी? यांच्याशीच?" आई म्हणाली. "नको गं बाई." सकाळच्या प्रकारानंतर दिवसभरात अण्णांना उद्देशून ती एवढंच बोलली, आणि तेही त्यांच्याकडे न बघता. पण अंगठी तिने धुऊन, पुसून करंगळीत घातली.

शुक्रवार, ओहोटी

शीटप्रमाणे दहाला निघायचं होतं. संध्याकाळी घरी लक्ष्मीपूजन. साडेनऊला सामान गाडीत भरून मी दारात उभी, तर आई बूट घालून, मंदारचं जॅकेट चढवून नोराला खुणेने विचारत होती: पाणी कुठे? नोराने भिंतीवरचं कोष्टक दाखवलं. ओहोटी अकराला.

"आई, आपल्याला दहाला निघायचंय."

"निघू की अकराला. लक्ष्मी काय डब्लिनच्या बसने येणारे?" आई म्हणाली. "मला बघायचंय, हे कुठे उभे राहतात ते."

अण्णा आत गेले आणि माकडटोपी घेऊन आले.

गावाच्या पश्चिम टोकाला खडकांचं मोठं सपाट पठार आहे. भरतीत ते बुडतं, ओहोटीला उघडं पडतं, आणि खोलगट जागांमध्ये समुद्राचं पाणी साचून राहतं, विहिरीसारखं स्वच्छ आणि स्थिर. तळातलं शेवाळ दिसत होतं. नोरा सराईतपणे उतरली आणि पोहत पलीकडे गेली. तिच्या वयाच्या आणखी दोन बायका आधीच पाण्यात होत्या, गप्पा मारत.

अण्णा काठाने पावलापावलाने उतरले. घोटे, गुडघे, कंबर. गारठ्याने खांदे वर गेले, मग नोराने शिकवल्याप्रमाणे त्यांनी एक लांब श्वास सोडला. आणि उभे राहिले. दोन्ही तळवे पाण्यावर सपाट ठेवून, हळूहळू फिरवत, एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावेत तसे. बायका त्यांच्या अवतीभवती पोहत होत्या, आणि कृष्णा पार करणारा माझा बाप मधोमध खांबासारखा उभा. मला बघवेना.

आई खडकावर बसली होती, मांडीवर टॉवेल घेऊन.

"नुसतेच उभे गं," ती शेवटी म्हणाली.

"पाय जमिनीला हवेत ना."

"परवाही असेच?"

"असेच."

तिने करंगळीतली अंगठी एकदा फिरवली. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाली, "सुटली."

"ही कान्ट हिअर यू, आजी," ईरा म्हणाली. "लाउडर."

आई उठली. वाऱ्याने पदर उडाला, तो तिने खोचला. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि साऱ्या किल्कीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो! सुटली!"

अण्णा वळले. कानावर हात ठेवला. "काय?"

"सुटली म्हणतेय! सुटली! पोहा!"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. हुकूम नीट वाचल्याशिवाय अंमलबजावणी करायची नाही ही त्यांची जुनी सवय. आईने एकदा मान हलवली.

आणि अण्णांनी पाय उचलले.